बूट घालून जाळीत आलेला मुलगा

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. पिंपळ, तिठा, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई... वाचते, हसते आणि झोपते. मी बीएस्सी केमिस्ट्री केलं, आता एमएस्सी करते आहे. अंगात येणं, नजर लागणं, लिंबू-मिरची यातलं काहीही मी मानत नाही, आणि यावरून घरात माझी नि आईची कायम जुंपते. तरी लिहिते आहे, कारण जे झालं ते दिवसाउजेडी झालं आणि मी सोडून आणखी दोघांनी ते ऐकलं. दुसरं कारण, मला राग आलाय. अजूनही. तेव्हा भूत वाचायला आला असाल तर थोडा धीर धरा, आधी एका जिवंत माणसाबद्दल ऐकावं लागेल.

आम्ही धनगर. गाव जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यात, टेंभुर्णीपासून आत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. थोडं कोरडवाहू रान आहे, पण घर चालतं ते मेंढ्यांवर. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढ्या शेतात बसवायला बोलावतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. दिवसभर चारून आणायच्या आणि सांजेला त्या शेतात जाळी उभी करून तिच्यात घ्यायच्या. त्या जाळीत पायात काही घालून जायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. अण्णा म्हणतात, देव देव्हाऱ्यात नसतो, कळपात असतो. मी म्हणायचे, बाहेरची घाण कोकरांना लागू नये म्हणून जुन्या लोकांनी लढवलेली शक्कल आहे. नियम मात्र मीही पाळायचे.

कॉलेजला टेंभुर्णीहून काळी-पिवळी जीपनं जावं लागायचं. कॉलेज कुठलं ते लिहीत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याला रोहित म्हणू. खरं नाव लिहायला हात शिवशिवतोय, पण आई नको म्हणते. घरी भरपूर बागायती जमीन, वाढदिवसाला फाट्यावर बॅनर, त्यावर गॉगल लावलेला फोटो. वर्गातली मुलं त्याला 'भैय्या' म्हणायची. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून बेंऽ बेंऽ असा आवाज यायचा आणि सगळे हसायचे. मुलीही हसायच्या. पहिल्या वर्षी मी मान खाली घालून बसायचे, दुसऱ्या वर्षी मान वर करून बसायला लागले. त्याला ते झोंबलं असणार.

मग एके दिवशी त्यानं मला लॅबच्या मागं गाठलं आणि मोबाइल समोर धरला. जीपमधला फोटो होता. आमच्याकडच्या जीपमध्ये किती माणसं कोंबतात हे माहीत असेल त्याला वेगळं सांगायला नको, माणूस माणसाच्या मांडीवर बसायचा तेवढा बाकी असतो. त्या फोटोत तो आणि मी खांद्याला खांदा लावून बसलो होतो. असा फोटो त्या जीपमधल्या कोणाचाही कोणाबरोबर निघाला असता. माझ्या पलीकडे एक म्हातारेबुवा कोंबडी घेऊन बसले होते, ते तेवढे फोटोतून कापले होते.

"माझं जर्नल लिही अन परीक्षेत पेपर दाखव," तो म्हणाला. "न्हाई तर तुझ्या बापाला जाऊन सांगतो, आपलं दोन सालापासून चालू हाय. मंग बघ, महिन्याच्या आत तुला हळद लागती का न्हाई."

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहिती आहे? त्याचं बरोबर होतं याचा. माझी चुलतबहीण सुनीता बारावीत होती, गावात कोणीतरी काहीतरी बोललं, आणि कोण बोललं, काय बोललं हे विचारायच्या आत तिचं लग्न लागलं. अजून फोन केला की विचारते, तुमच्या लॅबमधी काय काय शिकवतात गं? त्या मुलाला आमचं घर आमच्यापेक्षा जास्त कळलं होतं. त्याला चाकू दाखवायची गरज नव्हती. माझा बापच त्याचा चाकू होता.

कॉलेजात मुलींच्या तक्रारींसाठी एक मॅडम नेमलेल्या होत्या, त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा पाजला. म्हणाल्या, "मुलं अशीच असतात, तू लक्ष देऊ नकोस. लेखी दिलंस तर घरी पत्र जाईल, मग तुझंच नुकसान." मी चहाचा कप ठेवून बाहेर आले. त्या आठवड्यात त्याचं जर्नल लिहून दिलं. अक्षर चांगलं काढलं नाही, एवढाच माझा सूड.

सांगणार कोणाला? आईला सांगितलं तर अण्णांना कळणार. मैत्रिणींना सांगितलं तर वर्गाला कळणार. रविवारी अण्णांना जरा पाठ टेकता यावी म्हणून मी मेंढ्यांकडे थांबायचे. कळपात भोरी नावाची एक म्हातारी मेंढी होती, लहानपणी मीच तिला बाटलीनं दूध पाजलं होतं. मी तिच्याशी बोलायचे. तुम्हाला हसायचं तर हसा. जवळ माणूस नसला की माणूस मेंढीशी बोलतो. फोटोचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं, सुनीताचं सांगितलं. तिथं आसपास झाड नव्हतं, बांध गुडघ्याएवढे, दुरून माणूस येताना दिसायचा. कोणी चोरून ऐकलं असेल असं म्हणणाऱ्यांसाठी हे आत्ताच लिहून ठेवते.

परीक्षा आली. मी त्याला पेपर दाखवला नाही. का, ते विचारू नका. आधी ठरवलं नव्हतं. हॉलमध्ये त्यानं मागून बाकाला लाथ मारली आणि माझं डोकंच फिरलं. मी पेपर छातीशी धरून लिहिला. बाहेर आल्यावर तो शांतपणे म्हणाला, "रविवारी येतो तुझ्या बापाकडं." मी घरी येऊन कपाटातली पुस्तकं बघत बसले. वाटलं, बघून घ्यावीत.

रविवारी सांजेला, ऊन अजून होतं, आम्ही मेंढ्या जाळीत घेत होतो. ज्यांनी ही वेळ पाहिली नाही त्यांना सांगते. लहान कोकरं दिवसभर जाळीतच ठेवलेली असतात आणि त्यांच्या आया चरायला गेलेल्या असतात. आया परत आल्या की सगळ्या एकदम ओरडतात, सगळी कोकरं ओरडतात, जो तो आपलं माणूस शोधत असतो. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तेवढ्यात बांधाशी गाडी थांबली. रोहित आणि त्याच्या मागं बसलेला त्याचा दोस्त गणेश, फोटो काढणारा. माझ्या हातातलं कोकरू खाली पडलं.

गणेश बांधावरच थांबला. रोहित थेट जाळीकडे आला.

अण्णा ओरडून म्हणाले, "बूट काढ बाबा, अन मंग ये आत."

तो हसला. "काका, बाहेर या म्हणलं तर तुम्ही येणार न्हाई. मंग मलाच यावं लागतंय," असं म्हणून त्यानं जाळी पायानं दाबली आणि बूट घालूनच आत आला. पांढरे बूट होते. मेंढ्यांना गुडघ्यानं ढकलत अण्णांच्या समोर जाऊन उभा राहिला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग गोंगाटातून ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सुरुवात केली, "काका, तुमच्या पोरीचं..."

आणि कळप गप्प झाला.

हळूहळू नाही. एकदम. दूध पिणारी कोकरं आचळ सोडून उभी राहिली. माझं सगळं आयुष्य मेंढ्यांत गेलंय, लांडगा आला तरी मेंढी ओरडते किंवा पळते. त्या दोन्हीतलं काहीच करत नव्हत्या, सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती. आमचं कुत्रंसुद्धा खाली बसलं.

रोहित बोलतच होता. आवाज त्याचाच होता. पण सावकाश, प्रत्येक शब्दापाशी थांबत, पहिल्यांदाच बोलायला लागलेल्या माणसासारखा.

"पोरगी दुपारी येती. डबा उघडती अन झाकती. खात न्हाई."

अण्णा म्हणाले, "काय?"

"पोरगी म्हणती, जीपमधी कोंबून बसवलं व्हतं. म्या त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. त्याच्या दोस्तानं फोटू काढला. पोरगी म्हणती, जर्नल लिही म्हणतो, पेपर दाखव म्हणतो. न्हाई तर अण्णाला खोटं सांगतो." मध्ये थांबला. "पोरगी म्हणती, अण्णाला कळलं तर अण्णा माझं लगीन लावील. सुनीताचं लावलं तसं. पोरगी म्हणती, विहिरीत वाकून बघितलं की बरं वाटतं."

विहिरीचं मी फक्त एकदा बोलले होते. एकदाच, आणि माणसाशी नाही.

"मंग खाली बसली," तो म्हणाला. "माझ्या मानंत तोंड खुपसून रडली. लोकर ओली झाली."

तो थांबला, आणि त्याच क्षणी सगळा कळप पुन्हा ओरडायला लागला. कोकरं आचळांना लागली. रोहितनं डोळे मिचकावले, अण्णांकडे बघितलं, आणि — हे मी कितीदा आठवलंय — त्यानं पुन्हा तेच वाक्य सुरू केलं. "काका, तुमच्या पोरीचं अन माझं दोन सालापासून..."

मध्ये काय झालं ते त्याला माहीतच नव्हतं.

"ऐकलं आम्ही," अण्णा म्हणाले. "तूच सांगितलंस आत्ता."

"काय सांगितलं? मी अजून कुठं काय सांगितलं?"

बांधावरून गणेश ओरडला, "भैय्या, चल. बाहेर ये. तू काय बोलला ते म्या ऐकलं, चल इथून." त्याचा चेहरा मला अजून आठवतो. ज्यानं तो फोटो काढला तोच रडायच्या बेतात होता.

अण्णांनी हात पुढे केला, रोहितनं मुकाट्यानं मोबाइल दिला. अण्णांनी फोटो हाताच्या सावलीत धरून बघितला. "ही तर काळी-पिवळी हाय," म्हणाले. "ह्याच्यात मी बी असाच बसतो." मग फोटो काढून टाकायला लावला आणि त्याला जाळीबाहेर जायला सांगितलं. हातात काठी होती, मारली नाही. मारायला हवी होती असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मी जाळीत तशीच बसले. अण्णा जवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "उद्याच्याला कॉलेजला जा बराबर."

रोहितनं नंतर कॉलेज बदललं. गणेशला मी जीपमध्ये गाठून विचारलं, काय ऐकलं ते शब्दाला शब्द सांग. त्यानं सांगितलं, आणि मानेचं आणि लोकरीचं वाक्य सांगताना त्याची जीभ अडखळली. म्हणजे भास झाला असेल तर तिघांना एकच झाला. उन्हाची चक्कर म्हणावी, तर उन्हानं माणसाला न ऐकलेली गोष्ट कशी कळते? जालन्यात ओळखीच्या एका डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले अपराधी वाटलं की मन असं करतं. डॉक्टर, त्या मुलाला अपराधी वाटत असतं तर तो बूट काढून आला असता.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक मेंढ्यांच्या पाया पडायला येऊ लागले. भोरी म्हातारपणानं मेली तेव्हा बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं. देवाचा कळप म्हणतात आमच्या कळपाला. नवस बोलतात. त्या सगळ्यांतल्या एकानंही मला विचारलं नाही की त्या पोरानं तुला काय काय केलं, किती दिवस केलं, आणि तू ते कसं सोसलंस. मला येऊन भेटले ते मेंढी खरंच बोलली का हे विचारायला. त्या मॅडमसुद्धा भेटल्या एकदा बसस्टँडवर. हात जोडून म्हणाल्या, "देव पाठीशी आहे गं तुझ्या." मी म्हटलं, तुम्ही पाठीशी असतात तर देवाला यावं लागलं नसतं. त्या एसटीत चढल्या.

गेल्या दिवाळीत घरी गेले होते. अण्णा जाळीत बसून एका कोकराच्या खुरातला काटा काढत होते. मी त्यांना विचारलं, "अण्णा, त्या दिवशी जे ऐकलं, ते सगळं मीच येऊन सांगितलं असतं तर? कॉलेजला राहू दिलं असतं मला?"

माझे अण्णा चांगले आहेत. माझ्या फीसाठी त्यांनी काय केलं ते मला माहीत आहे. आणि ते खोटं बोलत नाहीत. काटा निघाला, कोकरू सोडलं, तरी ते त्याच्याकडेच बघत राहिले.

"न्हाई," म्हणाले.

त्या मुलाच्या तोंडून कोण बोललं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. तेच शब्द होते, माझेच होते. ते माझ्या तोंडून का पुरले नसते, हे मला कोणीतरी समजावून सांगा.