केअर ऑफ नको!

सकाळचे अकरा. पर्वत पाटियाजवळचा सायबर कॅफे. दोन कॉम्प्युटर, एक पंखा. नव्वदचं दशक संपत आलेलं.

सुरतेत मी वीस-बावीस वर्षं बातमीदारी केली. बातम्या छापून आल्या आणि रद्दीत गेल्या. किस्से कुणी छापले नाहीत, म्हणून साचत गेले. त्यातले निम्मे आप्पांचे.

आप्पा खानदेशातले. नवागामच्या खोलीत एम्ब्रॉयडरीची दोन मशिनं. साडीवर काम आप्पांचं, लेबल कापड मार्केटातल्या शेठचं; आप्पा त्यांचे जॉबवर्कवाले, म्हणजे मजुरीवर काम करून देणारे. त्या गल्लीत पोस्टमन फिरकत नसे, म्हणून आप्पांचं टपालही मार्केटात, शेठच्या दुकानी यायचं. पत्त्यावर कायम तीच ओळ : केअर ऑफ शेठ. आईचं पत्रसुद्धा फोडलेलं मिळायचं!

*

कॅफेवाल्या चेतननं आप्पांना फुकटातला ईमेल काढून दिला. आप्पांनी पत्ता निरखला. पुढं त्यांचं नाव, मागं कुठल्याशा परदेशी कंपनीचं.

"चेतनभाई, हाई बी केअर ऑफच शे ना!"

"मग स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या. पण त्याचे दरसाल पैसे पडतात."

आप्पांनी घेतलं. आता मागंही आप्पाच!

*

कार्डं छापली. पहिलं शेठला दिलं. शेठ हसले. "आप्पा, जॉबवर्कवाळाने नाम शुं काम?"

"हात मन्हा, मशीन मन्हं, मंग नाव कोनं?"

मी समोर होतो. त्याच दिवशी लिहून दिलं. संपादक म्हणाले, "शेठ जाहिराती देतात हो." अजून डोकं तापतं!

*

रोज अकराला आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून कॅफेत येत. इनबॉक्स रिकामा. चेतन वैतागला. "आप्पा, रोज कशाला येता? मेल आला की मीच सांगेन."

"तू सांगशील, मंग ते केअर ऑफ चेतन व्हईल!"

*

शेवटी मीच ऑफिसातून एक ओळ पाठवली : 'आप्पा, पोहोचलं का?'

चौथ्या दिवशी मला आंतरदेशीय पत्र आलं. आत एकच शब्द : 'पोचलं.' पाठवणाऱ्याच्या जागी फक्त ईमेलचा पत्ता. केअर ऑफ कुणीच नाही!

माझा मेल प्रिंट काढून, लॅमिनेट करून त्यांनी मशिनावर टांगला होता.

*

वर्षानं आप्पांचा पासवर्ड चालेना. मी चेतनला धरलं. तो कागद शोधू लागला. डोमेनच्या फॉर्मात टपालाचा पत्ता मागितला होता. आप्पांचं टपाल जिथं यायचं, तोच शेठच्या दुकानाचा पत्ता चेतननं भरला होता. मालकाच्या रकान्यात शेठच्या फर्मचं नाव!

"ते कुणी लिहिलं?"

"मी फक्त पत्ता लिहिला, साहेब."

शेठकडं गेलो. "मने कंई खबर नथी," म्हणाले आणि पुढचं गिऱ्हाईक बघू लागले.

आप्पा मशिनं विकून गावी गेले. लॅमिनेट केलेला कागद तेवढा बरोबर नेला.

*

दरसालचे पैसे थकले की पत्ता बंद पडतो आणि बंद पत्त्यावर पाठवलेला मेल आल्या पावली परत येतो, हे मला चेतननंच शिकवलं होतं. मी दर दिवाळीला आप्पांच्या त्या पत्त्यावर तीच एक ओळ पाठवतो : 'आप्पा, पोहोचलं का?'

ती अजून एकदाही परत आलेली नाही.