यांग झाडाखालची अकरा अळंबी

खामपेंगच्या घरात वर्ष तीनदा सुरू होतं. एप्रिलात सोंगक्रानच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला मुलगी येते तेव्हा, जूनअखेर ती लावणीला येते तेव्हा आणि नोव्हेंबरात कापणीला येते तेव्हा. मधले महिने खामपेंग त्या तीन खेपांसाठी काही ना काही साठवत काढते. उन्हाळ्यात बांबूच्या टोकाला टोपली बांधून आंब्यावरच्या लाल मुंग्यांची अंडी उतरवते. पावसात जंगलातून अळंबी आणते. थंडीत ओढ्यातली मासळी मिठात आणि कोंड्यात घालून रांजण भरते. एरवी खाणारी तोंडं दोनच, ती स्वतः आणि नऊ वर्षांची नात मुक. मुकचे आईबाप, म्हणजे मुलगी रत्तिया आणि जावई बुनथान, दूर रयाँगला मोटारींच्या वायरी बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. आमच्या ईसान भागातल्या निम्म्या घरांची मांडणी हीच आहे.

खामपेंग त्रेसष्ट वर्षांची. अळंबीच्या बाबतीत गावात तिचा शब्द शेवटचा. जंगलातून परतणाऱ्या बाया तिच्या दारात मोटारसायकल उभी करत आणि टोपली पुढे धरत.

"मावशी, ही?"

"ही खा. ही कोंबडीलाही घालू नकोस. आणि ही सासूला दे," असं ती म्हणे, आणि बाया हसत पुढे जात.

तिची जागा एकच, ओढ्यापलीकडचं एक थोराड यांग झाड. तिच्या आईने दाखवलेलं. त्याच्या बुंध्याशी दरवर्षी पांढरी अळंबी येते. आईने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. झाड ओळखीचं असलं की अळंबी ओळखीची. आणि मिटलेली कळी तोडायची नाही, छत्री उमलू द्यायची. उमललेल्या छत्रीच्या कडेला बारीक रेघा दिसतात, देठ मोडला तर आत पोकळ असतो. कळी म्हणजे नुसतं पांढरं अंडं, त्यातून काही कळत नाही. चाळीस वर्षं खामपेंगने दोन्ही गोष्टी पाळल्या. कळ्या दिसल्या तर ती त्यांच्यावर वाळका पाला सारायची आणि दुसऱ्या दिवशी यायची.

त्या वर्षी कारखान्याने रत्तियाची रजा जानेवारीतच ठरवून दिली होती. जूनच्या शेवटचे दहा दिवस. ती आली तेव्हा शेतात भेगा होत्या. भाताचा तरवा गुडघाभर वाढून पिवळा पडायला लागला होता.

"आई, पावसाला फोन लाव. म्हणावं, रत्तिया आलीय."

"तूच लाव. महागाचा फोन तुझ्याकडे आहे."

"माझा नंबर बघून उचलत नाही तो."

पाऊस आठव्या दिवशी आला. दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचची बस होती. त्या दिवशी उजाडताच खामपेंग ओढा ओलांडून गेली. यांगच्या बुंध्याशी अकरा कळ्या होत्या. सगळ्या मिटलेल्या. उद्या उमलल्या असत्या. पण उद्या रत्तिया रयाँगला असणार होती. खामपेंगने अकराही काढल्या.

घरी येऊन तिने खबरदारी म्हणून त्या मूठभर तांदळाबरोबर उकळल्या. विषारी असल्या तर तांदूळ काळवंडतो, असं आमच्याकडे सगळेच मानतात. तांदूळ पांढरा राहिला. मग पाल्याचा रस, रानतुळस आणि रांजणातली मासळी घालून तिने कालवण केलं. आठ वाजता दोघी जेवायला बसल्या. खामपेंगने आपल्यापुरता दोन घास रस्सा घेतला, चिकट भाताचा गोळा त्यात बुडवून. नऊ कळ्या तिने मुलीच्या वाडग्यात घातल्या. दोन शाळेत गेलेल्या मुकसाठी झाकून ठेवल्या.

"तू घे ना, आई."

"मला वर्षभर जंगल आहे. तुला तिथे काय, डबाबंद मासे."

दुपारी साडेतीनला बॅग भरताना रत्तियाला उलटी झाली. पाच वाजेपर्यंत दहा-बारा वेळा. बस गेली. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. खामपेंगलाही दोनदा जुलाब झाले होते. नर्सने काय खाल्लं ते विचारलं. खामपेंगने सांगितलं, आणि तांदळाचंही सांगितलं. नर्सने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

सलाइन लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रत्तिया उठून बसली. तिसऱ्या सकाळी तिने भात मागितला. डॉक्टर म्हणाल्या, अजून दोन दिवस इथेच राहा, या अळंबीत बरं वाटणं धोक्याचं असतं. रत्तियाला ते पटलं नाही. तिने कारखान्याकडून तीन दिवस वाढवून घेतले होते, शेतात घोटाभर पाणी उभं होतं आणि मदतीला येणाऱ्या बायांना खामपेंगने त्याच दिवशी बोलावलं होतं.

"बरं वाटतंय तर आजार कसला?" ती म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. रत्तियाने स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याच्या कागदावर सही केली. खामपेंग शेजारी उभी होती. तिने अडवलं नाही. तिलाही ती बरीच दिसत होती.

नऊ वाजता रत्तिया चिखलात उतरली आणि चारपर्यंत लावणी केली. बायांनी तिची भरपूर थट्टा केली.

"कारखान्याने कंबर खाल्ली हिची. बघा, ओळ कशी सापासारखी चाललीय!"

"सापाला तरी माग असतो. हिची ओळ दारू चढवून आलेल्यासारखी."

"तुम्ही झोपेत लावता म्हणून सरळ येते, मी आपली जागेपणी लावते," रत्तिया म्हणाली. त्या दिवशी सगळ्यात जास्त हसली ती तीच, असं नंतर त्या बायांनी सांगितलं.

चार वाजता बांधावर हात धुताना शेजारची पेनसी थबकली. "अगं, डोळ्यांत हळद गेली काय तुझ्या?"

खामपेंगने मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांचे पांढरे भाग पिवळे होते.

प्रांताच्या मोठ्या रुग्णालयात तरुण डॉक्टर होता. त्याने रक्ताचे आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि विचारलं, "हिने नक्की किती खाल्ल्या?"

"नऊ."

"आणखी कुणी खाल्लं?"

"मी रस्सा. नातीच्या दोन ठेवल्या होत्या." खामपेंग बोलता बोलता थांबली. मुक शाळेतून आल्यावर तिने झाकण उचललं होतं, तेव्हा वाडगं रिकामं होतं. उलट्यांच्या गडबडीत तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

खाटेवरून रत्तिया म्हणाली, "त्या मीच खाल्ल्या, आई. दुपारी, बॅग भरायच्या आधी. म्हटलं, मुकला काय, तिला तू उद्याही आणशील."

डॉक्टरने कागदावरचा नऊ खोडून अकरा केला.

पाचव्या दिवशी रत्तिया माणसं ओळखेनाशी झाली. श्वासाची नळी घातली गेली. बुनथान रात्रभर प्रवास करून आला होता, कारखान्याच्या गणवेशातच. डॉक्टर म्हणाला की यकृत संपलंय. बदलायचं तर बँकॉकला न्यावं लागेल, आणि त्या प्रवासात ती टिकणार नाही. मग त्याने हलक्या आवाजात विचारलं, "घरी न्यायचंय का?"

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांना कळतो. शेवटचा श्वास घराबाहेर गेला तर माणसाला घराची पायरी चढवत नाहीत, थेट विहारात नेतात. म्हणून नळीसकट घरी आणायचं आणि तिथे ती काढायची.

"नाही," बुनथान म्हणाला. "श्वास चालू आहे ना? मग इथेच राहू दे."

"जावई, तो श्वास यंत्राचा आहे."

"तुम्ही बोलू नका, आई." तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. "तुम्ही शिजवलंत. आता तुम्हीच सांगणार, कधी संपवायचं?"

खामपेंगने पाठ भिंतीला टेकवली आणि तशीच खाली बसली. बुनथानही थोड्या वेळाने तिच्या शेजारी बसला. तासाभराने ती म्हणाली, "घर तिचं आहे. आपल्यात घर धाकट्या मुलीचंच असतं. तिला तिच्या घरी जाऊ दे." बुनथानने सही केली.

नर्स रस्ताभर हाताने श्वासाचा फुगा दाबत होती. सहाव्या दिवशी दुपारी सव्वादोनला घरातल्या मोठ्या खोलीत नळी काढली. सहा मिनिटं लागली.

अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी आरोग्य खात्याचे दोघे आले. खामपेंग त्यांना यांगच्या झाडापाशी घेऊन गेली. तिथे आणखी अळंबी उगवली होती, काही मिटलेली, काही उमललेली. एकाने दोन छत्र्या काढून तिच्या तळहातांवर ठेवल्या. एकीच्या कडेला रेघा होत्या. दुसरीची कड कोरी होती आणि देठ भरीव. दोन्ही एकमेकींपासून वीतभर अंतरावर उगवल्या होत्या.

"ही नवी आलीय?" तिने विचारलं.

"नसावी. इथे बऱ्याच वर्षांपासून असणार. तुम्ही उमललेली तेवढी बघून नेत होता."

"आणि तांदूळ?"

"तांदळाला काही होत नाही, मावशी. कुठल्याच विषाने."

त्या झाडाखाली ती चाळीस वर्षं येत होती.

त्या सगळ्या वर्षात कुणी तिच्या दारात टोपली आणली नाही. पुढच्या पावसाळ्यात, पहिली अळंबी निघायच्या सुमाराला, ती गावप्रमुखाकडे गेली आणि गावाच्या सूचना देणाऱ्या सकाळच्या भोंग्यावर बोलायचं म्हणाली. तो गोंधळला.

"मावशी, मी सांगतो ना. एका बाईचं असं झालं, एवढंच सांगू. नाव कशाला?"

"एका बाईचं म्हटलं तर सगळ्या म्हणतील, तिला कळत नव्हतं. मला कळत होतं."

सहा वाजता गावातल्या खांबांवरच्या भोंग्यांतून तिचा आवाज आला. लिहून आणलेलं काही नव्हतं. "मी खामपेंग. पांढऱ्या कळ्या तोडू नका. ओळखीच्या झाडाखालच्या असल्या तरी. तांदळाने काही कळत नाही, माझा तांदूळ पांढरा राहिला होता. रत्तियाने अकरा खाल्ल्या आणि ती सहाव्या दिवशी गेली. बरं वाटलं तरी दवाखान्यातून उठू नका. मी तिला उठू दिलं." मग बटण बंद करायचं तिला जमलं नाही आणि काही क्षण गावभर नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला.

ती पायी घरी निघाली. जंगलाकडे जाणाऱ्या मोटारसायकली समोरून येत होत्या. एरवी त्या सुमाराला पंधरा-वीस असतात. त्या दिवशी सात होत्या. तिच्याजवळ येताच प्रत्येकीने वेग कमी केला, आणि मग पुढे गेली.