चाळीस मेंढरांचं गवत

भादवा अर्धा सरला होता आणि पावसाने महिनाभर दडी मारली होती. मेंढपाळांना दुष्काळाची आगाऊ सूचना देणाऱ्या एका ॲपवर बातमी करायची म्हणून मी सिल्लोडहून अजिंठ्याच्या डोंगरातल्या माळावर गेलो. गाव आणि मेंढरांची संख्या भरली की ते ॲप उपग्रहाच्या चित्रांवरून माळावरचं गवत किती दिवस पुरेल ते सांगायचं.

माळावर एक वयस्कर मेंढपाळ बाई आणि तिची सून होती. फोन सुनेचा. बाईला एवढंच हवं होतं, घाट उतरून खानदेशात कधी निघायचं. लवकर गेलं तर खाली पिकं उभी असतात, शेतात कुणी घेत नाही. उशीर झाला तर गाभण मेंढ्यांच्या पायात बळ राहत नाही. मागच्या दुष्काळात त्यांच्या काही मेंढ्या घाटातच बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

"दादा, तुमीच भरा," सून म्हणाली.

मी विचारलं, "मावशी, मेंढरं किती?"

"हायेत की चाळीसेक."

सून पदराआड हसली. मी चाळीस भरलं. उत्तर आलं, गवत दिवाळीनंतरही पुरेल.

"मंग ऱ्हाऊ इथंच," बाई म्हणाली. मी ते वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी तिचा मुलगा कळप घेऊन परतला. सभेची गर्दी दहा-दहाच्या गटाने मोजायची मला सवय आहे. शंभर झाली, तेव्हा निम्मा कळप अजून उतारावरच होता.

"मावशी, ही चाळीस?"

"मोजली का काय तुमी?" तिचा आवाज चढला. "आकडा तोंडातून काढला की कळप घटतो. आमच्यात कुनी सांगत नाय."

"पण ॲपने चाळीसांचंच गवत सांगितलंय."

सून म्हणाली, "आत्या, फोन काय दिष्ट लावतोय व्हय? त्याला डोळं कुठं हायेत?"

"त्याला नसतील. ह्या दादाला हायेत ना!"

मी पाठ फिरवून बसलो. बाईला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. सुनेने फोन तिच्या हाती दिला आणि तिने आकडा स्वतःच भरला. मग सुनेने वाचलं, "तीन आठवडे."

"पित्रं झाली की निघायचं," बाई मुलाला म्हणाली. "खालच्या वळखीच्या शेतकऱ्याला आत्ताच फोन लाव. पडीक रान असंल तर धरून ठिव म्हनावं."

बातमी लिहायला बसलो तेव्हा एक प्रश्न राहिला. आणखी किती मेंढपाळांनी असंच कमी सांगितलं असेल, हे त्या ॲपला कळायची सोय नव्हती. मेंढपाळाने आकडा कुणाला न सांगता स्वतः भरावा, एवढं वाक्य मी घातलं. संपादकांनी विचारलं, "कळप केवढा?" मी 'मोठा' लिहिलं.

पितृपक्षानंतर सुनेच्या फोनवरून बाई बोलली, "उतरलो घाट. समदी हायेत."

किती, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.