शेवटच्या प्रकरणाआधी

माझ्या ताईला कुणी फार चांगलं म्हटलं की मला आधी राग येतो. चांगली वगैरे काही नाही, हट्टी आहे. लहानपणी जेवताना आवडीचं शेवटी खायचं म्हणून ती ताटाच्या कडेला ठेवायची, आणि मी ते उचलून तोंडात टाकलं की घर डोक्यावर घ्यायची. पुढे ती शाळेत भाषा शिकवायला लागली आणि तोच हट्ट तिने पोरांवर चालवला. मी त्याच शाळेत ग्रंथपाल. त्यामुळे ताईचे हट्ट मला घरीही आणि दारीही.

आठवीला एक जुनी कादंबरी नेमलेली असायची. मोठी नावाजलेली, आमच्या आईनेही शाळेत तीच वाचलेली. नदीतल्या बेटावर एक घर, होडीने रोजची ये-जा, घरात म्हातारे वडील आणि एकमेकांशी न बोलणारे तीन भाऊ. वडील जातात, भाऊ घराला कुलूप लावतात आणि होडीत बसून कायमचे निघून जातात. गोष्ट एवढीच, पण ती सांगायला लेखकाने पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. ताई ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवायची. पोरांनी शेवट आधी वाचू नये म्हणून वर्ष सुरू व्हायच्या आत प्रत्येक प्रतीचं शेवटचं प्रकरण मी सुईदोऱ्याने शिवून बंद करायचं, हा तिचा हुकूम. घातला कच्चाच टाका तरी बोटं सोलून निघायची.

"अगं, पोरं वाकून बघतात आतून," मी कुरकुरायचे.

"बघू देत की. अर्धवट दिसलं की जास्त चुटपुट लागते," ती म्हणायची.

शेवटाच्या आधीचा एक तास मतांचा असायचा. प्रत्येकाने उभं राहून कादंबरीबद्दल मनात असेल ते बोलायचं, कुणाला ओरडा मिळणार नाही. मग ताई कात्री घेणार, दोरा कापणार आणि शेवट वाचणार. हा मतांचा तास ऐकायला मी ग्रंथालयाचं दार ओढून घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसायचे, इतकी मजा यायची. एक म्हणायचा, "बाई, नुसती होडीच चालते, चालते, चालते, मला मळमळायला लागलं." दुसरी म्हणायची, "मधला भाऊ सारखे सुस्कारे टाकतो, त्याला आधी डॉक्टरकडे न्या." एका वर्षी एक बारकी मुलगी उठून म्हणाली, "ते भांडत का नाहीत? आमच्याकडे भांडतात आणि लगेच जेवायला बसतात." ताई म्हणाली, हे मत थेट लेखकालाच कळवायला हवं होतं.

ताईला एकच मुलगी. एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. जिना उतरायची ती एका पायावर उड्या मारत, भिंतीला हात लावून, आणि एक मोजा कायम घोट्यावर लोळत असायचा. आठवीत जायला तिला अजून अवकाश होता, पण ताई घरी वाचनाची तयारी करायची तेव्हा ही तिच्या मागे या खोलीतून त्या खोलीत. भाऊजी गेल्यापासून त्या दोघींचा तोच विरंगुळा. मग एका सुट्टीत भिंगरी तापाने आडवी झाली. ताप हटेना. ताई उशाशी बसून वाचत राहिली आणि वाचता वाचता शिवलेल्या पानांशी येऊन ठेपली.

"आई, काप ना दोरा," भिंगरी म्हणाली.

"बरी हो, ऊठ, मग कापू."

ताईला वाटलं, शेवट राखून ठेवला की पोर त्या ओढीने उठून बसेल. वर्गातली पोरं बसायचीच ना तशी! भिंगरीने दोनतीनदा मागितला, ताईने दिला नाही. भिंगरी उठली नाही.

शाळा उघडली तेव्हा मी ताईला म्हटलं, या वर्षी त्या मेल्या पुस्तकाला हात लावू नकोस, दुसऱ्या कुणाला दे तो वर्ग. पण ऐकेल ती ताई कसली. नेहमीसारखं तिने वाचायला घेतलं, वाचत वाचत मतांचा तास आला, आणि मी नेहमीसारखी मागे जाऊन बसले. होडी, सुस्कारे, सगळं रीतसर झालं. मग एक चष्मेवाला उठला.

"मला ती मुलगी सगळ्यात आवडली," तो म्हणाला.

"कुठली मुलगी?" ताईने विचारलं.

"त्या घरातली. जिन्यावर असते ती."

त्या कादंबरीत मुलगी नाही. मी ती इतक्या वेळा शिवली, चिकटवली, झटकली आहे की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. वर्ग हसेल असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. उलट सगळे माना हलवायला लागले. "हो बाई, तिला फार कमी पानं दिली आहेत," एक जण म्हणाली. "भाऊ जेवायला बसले की ती दाराआडून बघते," दुसरा म्हणाला. चष्मेवाला म्हणाला, "ती एका पायावर जिना उतरते ते मला आवडलं. एक मोजा खाली आलेला असतो तिचा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठले आणि ओरडलेच. "लाज नाही वाटत? कुणी शिकवलं रे हे?" पोरं बावरून माझ्याकडे बघायला लागली. "मॅडम, पुस्तकातच आहे," चष्मेवाला रडवेला होऊन म्हणाला, "बाईच वाचतात की." मी प्रत त्याच्यापुढे आपटली, दाखव म्हटलं. त्याने पानं उलटली, शेजारणीने उलटली, मग अख्खा वर्ग पानं उलटत बसला. कुणाला काही सापडेना आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटायला लागलं. ताई फळ्याला टेकून उभी होती. तिच्या हातात कात्री होती. तिने ती खणात ठेवून दिली.

"आपण पुन्हा पहिल्यापासून वाचू," ती म्हणाली. "उजळणी."

दुसऱ्या दिवशी मी प्रत उघडून वर्गात बसले आणि ताई वाचेल त्या ओळीखालून बोट फिरवत गेले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. भाऊ जेवायला बसतात ते पान आलं. ताई वाचतच होती, आणि सगळ्या वर्गाने एकदम पुस्तकातून मान वर केली. सगळे खिडकीशेजारच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघायला लागले. जरासे हसले. मग सगळ्यांनी एकदम मान खाली घातली. मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

त्यानंतर ताईचं चक्रच सुरू झालं. वाचायचं, शेवटापर्यंत यायचं, दोऱ्याशी थांबायचं, परत पहिलं पान. तास संपताना पोरांना विचारायची, "आज कशी होती?" आणि पोरं सांगायची. आज केस नीट विंचरलेले होते. आज खोकत नव्हती. आज धाकट्या भावाच्या खुर्चीत बसली होती, आणि तो येऊन तिच्यावरच बसला, त्याला कळलंच नाही. ताई घरी यायची ती चेहरा उजळलेला, आणि येऊन एक घास खायची नाही. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. भिंगरीबद्दल बोलताना "होती" म्हणायची ते आता "आहे" म्हणायला लागली. पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. परीक्षा तोंडावर आणि वर्ग एकाच पुस्तकात अडकलेला. मोठ्या सरांनी मला बोलावून सांगितलं, बहिणीला समजवा, नाहीतर वर्ग काढून घ्यावा लागेल, आणि तसंही पुढच्या वर्षी ही कादंबरी अभ्यासक्रमातून जाते आहे.

मी स्वयंपाकघरातच तिला गाठलं. "ताई, शेवट वाचून टाक."

"वाचला की जाईल ती."

"आणि नाही वाचलास तर? किती रखडवशील पोरीला? शेवट ऐकायचाय तिला, म्हणून तर आली. घराला कुलूप लागायच्या आत होडीत बसू दे तिला."

ताईने हातातला कप भिंतीवर फेकला. मी तुकडे गोळा करायला वाकले नाही, तशीच उभी राहिले. मग ती खाली बसली आणि रडायला लागली. "मी शेवटाची लाच दाखवली गं माझ्या लेकीला," ती म्हणाली. "बरी हो म्हटलं, मग देते म्हटलं. मागत होती तेव्हा वाचला असता तर काय बिघडलं असतं माझं?" मी तिच्या शेजारी बसले. काही बिघडलं नसतं, हे दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या तासाला तिने दोरा कापला. आवाज एकदाही कापला नाही तिचा. वडिलांचं सामान आवरलं जातं, भाऊ एकेक करून बाहेर येतात, धाकटा किल्ली फिरवतो आणि नदीत टाकतो, होडी निघते. वर्ग पुस्तकात बघतच नव्हता. सगळ्यांचे डोळे त्या कोपऱ्याकडे. ताईने शेवटचं वाक्य वाचून पुस्तक मिटलं.

"बसली का रे ती होडीत?" तिने विचारलं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चष्मेवाला उभा राहिला. "बसली, बाई."

"पुढे बसली," एक मुलगी म्हणाली. "पाण्यात हात घालून."

"हसत होती," आणखी कुणीतरी म्हणालं. "मागे वळूनसुद्धा नाही बघितलं तिने."

ताईने डोळ्यांना पदर लावला आणि वर्गासमोर मनसोक्त रडली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली आणि मला म्हणाली, मीठ जरा जास्त झालंय. मला इतका आनंद झाला की मी भांडलेही नाही. हळूहळू ती पूर्वीची ताई झाली, "होती" म्हणायला लागली, माझ्या चुका काढायला लागली.

परीक्षा संपल्या आणि पोरं प्रती परत करायला ग्रंथालयात आली. सगळ्यांत शेवटी आली वर्गात कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी. प्रत टेबलावर ठेवली तरी हलेना.

"काय गं?"

"मॅडम, बाईंना सांगणार नाही ना?"

"आधी बोल तर."

"ती नाही बसली होडीत. तिला शेवट आवडला नाही. असा कसा शेवट, म्हणाली, आणि जिन्यावर जाऊन बसली. त्यांनी बाहेरून कुलूप लावलं. आम्हाला सगळ्यांना दिसलं. पण बाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हणून मग आधी तो उठून 'बसली' म्हणाला, आणि आम्हीपण म्हणालो."

मी विचारलं, "रडत होती का?"

"नाही. होडी दिसेनाशी झाल्यावर खाली आली आणि दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिली. बाई परत पहिल्यापासून वाचतील असं वाटलं असेल तिला."

मी त्या मुलीला पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

नवं वर्ष सुरू झालं, नवं पुस्तक आलं. ताई ग्रंथालयात येऊन म्हणाली, "त्या जुन्या प्रती रद्दीत घाल गं. माझी पोर पोचली पलीकडे, आता कशाला हव्यात?" घालते म्हटलं. घातल्याही. एक तेवढी माझ्या खणात ठेवली. काय सांगू तिला? तिच्यासाठी त्या पोरांनी जे खोटं उचललं ते मी कुठल्या तोंडाने खाली ठेवू?

आता शाळा सुटली की मी दार ओढून घेते आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचते. शेवटच्या प्रकरणापाशी आले की थांबते आणि पुन्हा पहिलं पान काढते, म्हणजे कुलूप काही लागत नाही. मला कुणी दिसत नाही, कुणी ऐकू येत नाही. मला कधीच आलं नाही. रिकाम्या खुर्च्यांना गोष्ट सांगणारी बाई, कुणी बघितलं तर वेडी म्हणेल, असं वाटतं आणि आवाज चढतो माझा, रागाने.

परवा एक पाचवीतली मुलगी राहिलेली छत्री घ्यायला परत आली. शाळेत नवीनच, त्या कादंबरीचं नावही तिने ऐकलेलं नसणार. दारात उभी राहून ऐकत राहिली. मी दुर्लक्ष केलं, तर तीच म्हणाली, "मॅडम, जरा सावकाश वाचा ना."

"तुला गं काय करायचंय? छत्री घे आणि नीघ."

"मला नाही," ती म्हणाली, आणि तिने माझ्या खुर्चीच्या शेजारी बोट दाखवलं. "ती म्हणतेय. तुम्ही फार पळवता म्हणते."

मी त्या बाजूला बघितलं नाही. दोन ओळी मागे गेले आणि सावकाश वाचायला लागले.