जुन्या जीपला दुसऱ्या जीपचे दात

मोठ्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी नवऱ्यानं एक जुनी जीप घेतली. मूळची लष्कराची, लिलावात निघालेली, तीन हात फिरून आमच्याकडे आलेली. आमचं गाव राजूरच्या अलीकडे, सडकेवरून आलं तर ओढ्याच्या पल्याड. ओढा ओलांडून चढ चढला की सडक. गावातली माणसं कोंबून तो जालन्याला न्यायचा आणि चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या खेपा करायचा. गाडी चांगली चालवायचा, एवढं मी म्हणेन. बाकी घरात त्याला डोळ्यासमोरचा तांब्या सापडत नसे.

श्रावणात एक दिवस ओढ्याच्या चढाला जीपच्या मागच्या बाजूनं कडाड आवाज आला. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. बैल लावून घरी आणली. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. डिफरन्शियल म्हणतात त्याला, आम्ही गोळाच म्हणायचो. त्यातल्या मोठ्या चक्राचे दात तुटले होते. असलं जुनं चक्र जालन्यात नवं मिळेना. मुंबईहून मागवा, येईल तेव्हा येईल, असं दुकानदार म्हणाला.

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ आला. तो ट्रकवर होता. त्याच्या मालकाला नागपूर-हैदराबाद फेरीसाठी ड्रायव्हर हवा होता.

"दाजी, चला माझ्यासंगं. महिन्यातून चार दिवस घरी," तो म्हणाला. "चतुर्थीला मी परत येतो. तवर जीप चालली तर ठीक, न्हाई तर पिशवी भरून तयार रहा. मालक त्यापुढं थांबणार न्हाई."

नवरा हो म्हणाला. नवऱ्यावाचून मला करमणार नाही, असलं काही नव्हतं. पण तीन पोरं, गुडघे धरून बसलेली सासू, दोन म्हशी आणि अडीच एकर ज्वारी एकटीच्या गळ्यात घेऊन महिन्यातून चार दिवस पाहुण्यासारख्या नवऱ्याला जेवू घालायची माझी तयारी नव्हती. चतुर्थीला आठ दिवस होते. मी नवऱ्याला जालन्याच्या उस्तादाकडे पिटाळलं.

उस्ताद म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा म्हातारा. दोन दिवस त्यानं भंगाराचे ढीग उपसले आणि तिसऱ्या दिवशी एसटीनं पोत्यात काहीतरी जड बांधून आला. दुसऱ्या एका मोडक्या जीपच्या पुढच्या आसातलं चक्र आणि त्याला फिरवणारं छोटं चक्र, अशी जोडी होती.

"ही बादमधी निघालेली जीप हाय, लष्करची न्हाई," तो म्हणाला. "पर हिचं पुढचं सामान तुमच्या मागच्या गोळ्यात बराबर बसतं."

सासू ओट्यावरून म्हणाली, "पुढचं मागं लावून राह्यला का? गाडी उलटी चालंल की रं बाबा!"

"मांजी, उलटी चालली तर तुम्ही उलट्या बसा," उस्ताद म्हणाला. सासूला तो तिथंच आवडला.

त्यानं घासलेट आणि परात मागितली. परात माझ्या माहेरची, पितळेची. दिली, पण धुवायला मीच बसले, म्हणजे तिला पोचे पडणार नाहीत. काडीला चिंधी बांधून जुन्या आणि आणलेल्या चक्रांचे दात एकेक करून घासले. चौथी शिकलेय मी. हात चालू असला की मोजायची सवय आहे, भाकरी असो की शेंगांच्या पाट्या. जुन्या मोठ्या चक्राला तुटलेले खुंट धरून एकोणचाळीस दात भरले. आणलेल्याला त्रेचाळीस. छोटी दोन्ही आठ-आठ दातांची.

मी उस्तादाला सांगितलं. तो म्हणाला, "चार ज्यादा? अच्छा हाय भाभी. गाडी जरा धीमी पळंल, पर ताकद वाढंल."

तो जाणता माणूस. मी घासलेटाची परात उचलली.

मग त्यानं शेंदूर मागितला. सासू उठून देवळीतून डबी घेऊन आली, तिला वाटलं पूजा करतोय. त्यानं शेंदूर तेलात कालवून मोठ्या चक्राच्या दातांना फासला. मी चाक हातानं फिरवायचं आणि त्यानं दातावरचा शेंदूर कुठं पुसला जातो ते पाहायचं. दाताच्या मधोमध पुसला तर चक्रं नीट बसली. काठावर पुसला तर परत सगळं खोलायचं, पातळ पत्र्याची एक चकती आत सरकवायची आणि परत जोडायचं. चार वेळा खोललं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेंदूर मधोमध पुसला आणि उस्तादानं चहा मागितला.

तिसऱ्या प्रहरी आम्ही तिघं जीप घेऊन ओढ्यावर गेलो. या जीपला आणखी एक दांडी होती. ती ओढली की पुढची चाकंही ओढायला लागत. चिखलात नवरा नेहमी ती ओढायचा, तशी ओढली. चिखलातून गाडी गेली. पण पलीकडच्या खडकाळ चढावर ती गचके द्यायला लागली, कण्हल्यासारखी करून बंद पडली. दांडी परत ढकलली तर ती जागची हलेना. नवऱ्यानं दोन्ही हातांनी हिसके दिले.

मग उस्तादानं पुढच्या एका चाकाखाली जॅक लावला. चाक जमिनीवरून उचललं तसं ते कुणी न फिरवता गर्रकन फिरलं. दांडी सुटली.

"या अल्ला," उस्ताद म्हणाला. "भाभी, दात किती मोजले व्हते?"

"मागं आता त्रेचाळीस."

"आन पुढच्या गोळ्यात?"

"पुढचा गोळा तुमी उघडलाच न्हाई. तिथं जुनंच असंल, एकोणचाळीसवालं."

त्यानं कपाळावर हात मारला. जात्याचा खुंटा दोघींनी धरला आणि एक भराभर, एक सावकाश फिरवायला लागली तर मनगटं मुरगळतात. पुढच्या आणि मागच्या चाकांचं तेच चाललं होतं. चिखलात चाकं घसरून निभावलं. खडकावर घसरायला जागा नव्हती.

पुढेही त्रेचाळीसचं चक्र हवं होतं आणि एका भंगार जीपमधून त्या मापाची एकच जोडी निघते, कारण तिच्या मागच्या गोळ्याचं माप वेगळं. दुसरी भंगार जीप कुठून आणायची? उस्तादानं पुढच्या चाकांकडे जाणारा लांब दांडाच खोलून जीपमध्ये टाकला. आता ओढायला फक्त मागची चाकं.

"हेच करायचं व्हतं तर हिचंच पुढचं चक्र काढून मागं लावायचं," मी म्हणाले. "भंगारात दोन दिस कशापायी घालवले?"

"पुढच्या चाकांची ओढ वाचवायला, भाभी."

"वाचली का?"

नवरा मला गप म्हणाला. उस्ताद मात्र हसला. "पर ताकद वाढली का न्हाई, ते पहा," म्हणाला आणि सडकेवरून एसटीनं गेला.

चतुर्थीला सकाळी अकरा माणसं जीपमध्ये बसली. मीही पुढं बसले, कारण पिशवी भरायची की नाही ते मला तिथंच पाहायचं होतं. ओढ्याच्या पल्याड सडकेला ट्रक उभा करून भाऊ चढावर येऊन थांबला होता.

ओढ्यात उतरलो. चिखल आला तशी सगळी माणसं सवयीनं खाली उतरली. गाडी हलकी करायची आणि मागून ढकलायचं, ही पद्धतच होती. मागची चाकं जागेवर गरागरा फिरली, ढकलणाऱ्यांचे सदरे चिखलानं भरले आणि गाडी हातभरही सरकली नाही.

"दाजी, ऱ्हाऊ द्या आता!" भाऊ वरून ओरडला. नवऱ्यानं गाडी बंद करायला चावीला हात घातला.

वखर वरवर चालायला लागला की आम्ही त्याच्यावर दगड ठेवतो, तेव्हा त्याचा फास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, जमिनीत धरतो. मी खाली उतरले.

"चढा सगळे परत," मी म्हणाले.

एक म्हातारा म्हणाला, "अगं बाई, आमच्या वजनानं आणखी रुतंल की."

"मोकळी बी रुतूनच राह्यली ना? चढा. जाड बाया सगळ्यात मागं."

"मंग तू कशी काय पुढं बसल्ती?" शेजारीण म्हणाली.

सगळे हसले. मी मागं जाऊन तिच्या मांडीला मांडी लावून बसले. नवऱ्यानं गाडी हातभर मागं घेतली, मग पुढं. चाकं एकदा फिरली, दोनदा फिरली आणि धरली. चढाला गाडी इतकी सावकाश निघाली की बाजूनं चालणारं शेरडू पुढं गेलं. पण इंजिन अडलं नाही, गचका बसला नाही. खडक आला, तोही गेला. भाऊ बाजूला सरकला.

वर सडकेला गाडी लागली तेव्हा तो म्हणाला, "दाजी, मंग मालकाला काय सांगू?"

नवरा म्हणाला, "दुसरा माणूस पहा म्हणावं. तू येतो का राजूरला? चल, मागं बस. वजन लागतंच."

भाऊ बसला. दर्शन घेऊन आमच्याबरोबरच परत आला, घरी जेवला आणि ट्रक घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात मालकानं बदनापूरचा एक ड्रायव्हर ठेवला.

जीप तशीच सहा वर्षं चालली. सपाट सडकेला एसटी मागून येऊन पुढं निघून जायची आणि गाडीतली माणसं नवऱ्याला म्हणायची, "हाकला की जरा, का बैल थकले?" ओढ्यात मात्र कुणी खाली उतरत नसे. संध्याकाळी तो घरी यायचा, म्हशींना पाणी दाखवायचा आणि ताटावर बसून भाजीत मीठ कमी आहे म्हणायचा. मी मिठाची बरणी पुढं सरकवायचे.