लिंबूटिंबू

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी माझ्या मुलीनं बालवाडीत जायला नकार दिला. ती साडेचार वर्षांची होती. दोन्ही स्प्लिंट तिनं पलंगाखाली ढकलून दिले आणि स्वतःही तिथंच जाऊन बसली.

तिचे पाय जन्मापासून ताठ आहेत. बाहेर ती गुडघ्यापर्यंतचे प्लास्टिकचे स्प्लिंट बांधते आणि वॉकर धरून चालते. घरात मात्र बसून, हातांवर जोर देत सरकते आणि तशी ती बरीच जोरात जाते. बालवाडी कांजूरमार्ग पूर्वेला, आमच्या शेजारच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे. त्याआधी दोन शाळांनी वेगवेगळ्या शब्दांत नाही म्हटलं होतं. इथल्या टीचरनी फक्त विचारलं होतं, "वॉकर किती रुंद आहे? दारातून जाईल ना?" जूनपासून ती रोज जात होती.

"कुणी मारलं का?"

"नाही."

"डबा घेतला कुणी?"

"नाही गं आई. मला नाही जायचं."

कारण कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मीही येऊन बसते, या अटीवर ती पलंगाखालून बाहेर आली.

मंगळवारी मी वर्गाच्या कोपऱ्यात बसले. तिची पिशवी अडकवायचा खिळा तिच्या हाताच्या उंचीवर ठोकलेला होता. गोलात बसताना तिच्या पाठीमागे भिंत येईल अशी जागा ठरलेली होती. गाण्यात ती होती, चित्रात होती, डबा खातानाही दोन वेण्यांची एक मुलगी तिला खेटून बसली होती. चुकीचं काही दिसेना.

डब्यानंतर सगळे बाहेर आवारात गेले. खेळ होता डोंगराला आग लागली, पळा पळा. मुलं गोल पळत होती. टीचर "थांबा" म्हणाल्या की जागच्या जागी पुतळा व्हायचं. हलला तो आऊट, शेवटी उरेल त्याच्यावर पुढचं राज्य. राज्य ज्याच्यावर, तो मधे उभा राहून आरोळी देणार. माझी मुलगी वॉकर धरून त्यांच्या आतल्या बाजूनं, आपल्या वेगानं, फिरत होती.

"थांबा!"

सगळे थांबले. माझ्या मुलीनं वॉकरवरचा एक हात उचलला आणि हवेत हलवला. चांगला जोरात.

"टीचर, ती हलली!" एक मुलगा ओरडला.

"ए, ती लिंबूटिंबू आहे ना," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "तिला नाय आऊट करायचं. माहीत नाय तुला?"

"हां, हां. सॉरी."

खेळ पुढे गेला. पुढच्या फेरीत ती पुन्हा हलली. या वेळी कुणी ओरडलंही नाही. मुलं एकेक करून आऊट होत होती, भिंतीला टेकून बसत होती, एकमेकांना ढकलत होती. शेवटी एक मुलगा उरला आणि राज्य त्याच्यावर आलं. त्याच्या शेजारी माझी मुलगीही उभी होती. तिला कुणी आऊट केलं नव्हतं आणि ती जिंकलीही नव्हती.

लहान भावंडं खेळायला मागं लागली की त्यांना लिंबूटिंबू करायचं, हे मीही लहानपणी केलं आहे. खेळात घ्यायचं, मोजायचं नाही. त्यात कुणी वाईट वाटून घेतल्याचं मला आठवत नव्हतं.

घरी आल्यावर स्प्लिंटचे पट्टे सोडताना ती म्हणाली, "मी हलले होते."

"हो, मी बघितलं."

"दोनदा हलले होते."

"हो."

"मग मला आऊट का नाही करत?"

संध्याकाळी मी टीचरना भेटले. बालवाडीत मदतीला असणाऱ्या मावशी खुर्च्या एकावर एक रचत होत्या. लिंबूटिंबूचा नियम या मावशींचाच होता. जूनमध्ये पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या मुलांना बसवून तो सांगितला होता.

"चेडवाक आऊट कसा करूचा गो?" त्या मला त्यांच्या मालवणीत म्हणाल्या. "पोरीचे आधीच तेचे पाय असे. माका बघवत नाय."

रचलेल्यातली एक खुर्ची काढून टीचर बसल्या. मग म्हणाल्या, "उभ्यानं खेळली तर ती रोज पहिल्याच फेरीत आऊट होईल. तोल राहत नाही तिचा. मग रोज नुसतं भिंतीला बसायचं. ते चालेल?"

मी म्हटलं, ती स्वतःच विचारतेय, मला आऊट का नाही करत.

"उद्या एक दिवस पाठवा," त्या म्हणाल्या. "बघू या."

बुधवारी सकाळपासून वारा कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडच्या बाजूनं होता. अशा दिवशी बालवाडीच्या खिडक्या बंद असतात आणि आवारात कुणाला सोडत नाहीत. मी न्यायला लवकर पोचले आणि दाराबाहेर उभी राहिले. आत टेबलं भिंतीला लावली होती, जमिनीवर सतरंज्या होत्या. माझ्या मुलीचे स्प्लिंट काढून ठेवलेले होते.

"आज सगळ्यांनी बसून पळायचं," टीचर सांगत होत्या. "कुणी उठायचं नाही. थांबा म्हटलं की दोन्ही हात वर. हात जमिनीला लागला, आऊट. सगळ्यांना हाच नियम. आज लिंबूटिंबू कुणी नाही."

"टीचर, चड्डी फाटेल ना!"

"फाटू दे. डोंगराला आग लागली, पळा!"

मुलांना पटकन जमेना. कुणी मागं जात होतं, कुणी जागच्या जागी फिरत होतं. दोन वेण्यांची मुलगी हसून हसून आडवीच झाली. माझी मुलगी सगळ्यांना मागं टाकून पुढे गेली.

"अरे, ही बघ कशी जाते!"

"थांबा!"

हात वर गेले. दोन वेण्यांची मुलगी आऊट झाली आणि कुरकुरत भिंतीशी गेली. माझी मुलगी वाकडी बसली होती, पण हात वर होते.

दुसरी फेरी. पुन्हा "थांबा". या वेळी तिचा उजवा हात हळूहळू खाली आला आणि पंजा सतरंजीला टेकला.

"लागला! हिचा हात लागला!" भिंतीजवळून आवाज आला.

"नाय, नाय," मावशी म्हणाल्या. "खय लागलो? माका नाय दिसलो."

सगळे टीचरकडे बघायला लागले.

"लागला," माझी मुलगी म्हणाली.

"आऊट," टीचर म्हणाल्या.

ती सरकत भिंतीपाशी गेली.

"सरक ना जरा," तिनं दोन वेण्यांच्या मुलीला सांगितलं.

"तूच सरक. मी आधी आऊट झालेय."

दोघी तिथं बसून बाकीच्यांवर ओरडत राहिल्या. "त्याचा लागला! टीचर, त्याचा पण लागला!"

घरी येताना तिनं आधी वॉचमनकाकांना आणि मग लिफ्टमधल्या, आमच्या ओळखीच्या नसलेल्या एका बाईंना सांगितलं, "मी आज आऊट झाले."

गुरुवारी सकाळी दोन्ही स्प्लिंट पलंगाखाली नव्हते. तिनं ते सरकत नेऊन दारापाशी, चपलांच्या शेजारी ठेवले होते.