अडतीस मैलांवरचं घर

लॉर्ना आणि बेकर्स फोर्ड ही नेब्रास्कातली दोन गावं, एकमेकांपासून अडतीस मैलांवर. लॉर्ना वसलं ते रेल्वेच्या इंजिनात तिथे पाणी भरावं लागे म्हणून. आता इंजिनांना तहान लागत नाही, गाव मात्र राहून गेलंय. बेकर्स फोर्ड त्याहून जुनं, नदीकाठी जर्मन शेतकऱ्यांनी वसवलेलं. रेल्वेने आपल्याला वगळलं, हा राग त्यांनी शंभर वर्षं नीट जपला. मधे एक रस्ता, बाकी मका.

लॉर्नातला एकुलता एक दवाखाना डॉक्टर मोरेश्वर बापटांचा. २००६च्या मार्चमध्ये त्यांनी तो बंद केला. शनिवारी कायमचं सनीव्हेलला, मुलाकडे जायचं ठरलं होतं.

"बेकर्स फोर्डला जाऊन हॅरल्डला भेटून येतो," ते म्हणाले.

"आज तरी सांगा," त्यांची बायको मीनाक्षीबाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं नुसते बूट घालून जाताय, न सांगता परत येताय."

१९७४च्या जानेवारीत डॉक्टरांना साताऱ्याहून येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. दुपारी हॅरल्डचा फोन आला. बायकोला, रूथला, धाप लागली होती. पलीकडच्या हॉस्पिटलात चाळीस मिनिटांत नेतो म्हणत होता. बेकर्स फोर्ड अडतीसवर, एवढं डॉक्टरांनी ऐकलं होतं. "हलवू नका, अर्ध्या तासात पोचतो!" अडतीस म्हणजे किलोमीटरच; साताऱ्याच्या माणसाच्या डोक्यात दुसरं येणार कुठून? बर्फातून सव्वा तास लागला. रूथ गेली होती. सगळ्यांनी दोष बर्फाला दिला आणि बर्फाने तक्रार केली नाही.

अडतीस किलोमीटर संपतात ते चोविसाव्या मैलाला. तिथे नुसतं शेत आहे. डॉक्टरांना मात्र तिथे घर दिसे, उघडं दार आणि दारात बाई. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी तिथे गाडी हळू करायची सवय जडली होती. आज बाई दोन पायऱ्या उतरून खाली उभी होती.

हॅरल्ड आता ब्याऐंशी वर्षांचा. डॉक्टरांनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

"बस, डॉक," हॅरल्ड म्हणाला. "मी फोन ठेवला तेव्हाच ती गेली होती. तू शेजारच्या खोलीत असतास तरी काय करणार होतास?"

डॉक्टर बसले. त्या दुपारी रूथची नाडी शोधताना तिचा तळहात त्यांना उबदार लागला होता. तेव्हा तिला जाऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं.  हॅरल्ड डॉक्टरांकडे बघत नव्हता, खिडकीतून रस्त्याकडे बघत होता.

"असेल," डॉक्टर म्हणाले.

हॅरल्डने श्वास सोडला. शनिवारचं विमान किती वाजता आहे, ते त्याने विचारलं.